कोण आणि किती? सरासरी अणुवस्तुमानाचा हिशेब



आजच्या भागात थोडे आकडे आहेत, तेव्हा कागद आणि पेन्सिल जवळ असू द्या. हिशेब अवघड नाही. बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकीला तो येतो, फक्त रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात नववी-दहावीचं नाहीतर अकरावीचं मूल आहे. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात मूलद्रव्यांचा एक मोठा तक्ता असतो, आवर्तसारणी म्हणतात तो. त्यात क्लोरीनच्या चौकोनात आकडा दिसतो ३५.४५, तांब्याच्या चौकोनात ६३.५५. मूल हुशार असेल तर इथे अडतं. ते विचारतं, ‘आई, अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, ते अख्खे असतात, अर्धा न्यूट्रॉन कुठे नसतो. मग हे साडेपस्तीस आलं कुठून?’

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं, की ३५.४५ हे एका अणूचं वस्तुमान नाहीच. ती क्लोरीनच्या असंख्य अणूंची सरासरी आहे. ही सरासरी काढताना दोन गोष्टी विचाराव्या लागतात: त्यात कोण कोण आहे, आणि प्रत्येक जण किती आहे. यातला दुसरा प्रश्न विसरला की परीक्षेत गुण जातात. पण तो गुणांपुरताच नाही. आपल्याच परळमध्ये थायरॉईडच्या उपचारासाठी येणाऱ्या बायकांना डॉक्टर जे पथ्य सांगतात, ते समजून घ्यायलाही हाच प्रश्न लागतो. तिथपर्यंत आपण आज जाणार आहोत. सुरुवात मात्र स्वयंपाकघरातल्या मिठापासून करू.

एकाच घरातले, पण वजनाने वेगळे

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचं संयुग. वडाळ्याच्या मिठागरातलं खडे मीठ घ्या किंवा पाकिटातलं बारीक मीठ घ्या, हे दोघे त्यात असणारच. क्लोरीनच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात १७ प्रोटॉन असतात. सतरा प्रोटॉन म्हणजे क्लोरीन, ही त्याची ओळख. सोळा झाले तर तो गंधक, अठरा झाले तर आरगॉन.

पण प्रोटॉनच्या सोबतीला जे न्यूट्रॉन असतात, त्यांची संख्या सगळ्या क्लोरीनच्या अणूंत सारखी नसते. काहींत १८ न्यूट्रॉन, काहींत २०. सतरा आणि अठरा मिळून पस्तीस, म्हणून पहिल्याला म्हणायचं क्लोरीन-३५. सतरा आणि वीस मिळून सदतीस, म्हणून दुसरा क्लोरीन-३७. दोघांची चव, वास, इतरांशी जुळण्याची रीत जवळजवळ एकच. मिठात दोघेही असतात आणि जिभेला त्यांतला फरक कळत नाही. फरक आहे तो वजनाचा.

अशा अणूंना मराठीत समस्थानिकं म्हणतात. सम म्हणजे तेच, स्थान म्हणजे जागा. आवर्तसारणीत दोघांची जागा एकच, म्हणून समस्थानिक. इंग्रजीतला ‘आयसोटोप’ हा शब्दही ग्रीक भाषेतून याच अर्थाने घडवला आहे, आणि तो एका बाईने सुचवला. मार्गारेट टॉड हे त्यांचं नाव. त्या स्कॉटलंडच्या, पेशाने डॉक्टर आणि शिवाय कादंबरीकार. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याच सुमारास टॉडबाई एडिंबरामध्ये बायकांसाठी नव्याने निघालेल्या वैद्यकीय शाळेत शिकू लागल्या होत्या. पुढे १९१३ साली फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाला, वजनाने वेगळ्या पण जागेने एक असलेल्या अणूंसाठी नाव हवं होतं. ते टॉडबाईंनी दिलं. सॉडी यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळालं. शब्द देणाऱ्या बाईंचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून आज मुद्दाम सांगितलं.

लालबागच्या मसाल्याचा हिशेब

आता क्लोरीन थोडा वेळ बाजूला ठेवू आणि लालबागच्या मसाला गल्लीत जाऊ. एप्रिल-मे महिन्यात तिथे वर्षाचा मसाला करून घ्यायला मुंबईभरच्या बायका येतात. मिरच्या निवडतात, भाजून घेतात, डंकावर कुटून घेतात. समजा, एखाद्या बचत गटाने दहा किलो मसाला करून विकायचं ठरवलं. हिशेब सोपा राहावा म्हणून तीनच जिन्नस धरू, आणि भावही गोळाबेरीज धरू.

मिरची ७ किलो, भाव ३०० रुपये किलो.
धने २ किलो, भाव १५० रुपये किलो.
हळकुंड १ किलो, भाव १५० रुपये किलो.

आता एक किलो मसाला गटाला केवढ्याला पडला? घाईत कुणी म्हणेल, तीन भाव आहेत, बेरीज करा आणि तिनाने भागा. तीनशे, दीडशे, दीडशे, बेरीज सहाशे, भागिले तीन, दोनशे रुपये. वर वीस रुपये नफा ठेवून २२० ने विका.

असं केलं तर गट बुडेल. खरा खर्च बघा.

मिरची: ७ × ३०० = २१०० रुपये
धने: २ × १५० = ३०० रुपये
हळकुंड: १ × १५० = १५० रुपये
एकूण: २५५० रुपये

दहा किलोला २५५०, म्हणजे किलोला २५५ रुपये. २२० ने विकला तर दहा किलोचे २२०० येतील. नफा राहिला बाजूला, ३५० रुपये पदरचे जातील, आणि कुटण्याची मजुरी तर यात अजून धरलेलीच नाही.

चूक कुठे झाली? साध्या सरासरीत मिरची आणि हळकुंड यांना सारखाच मान दिला. मसाल्यात मिरची सात वाटे आहे आणि हळकुंड एक वाटा. ज्याचा वाटा मोठा, त्याचा भाव सरासरीला आपल्याकडे जास्त ओढणार. म्हणून आधी प्रत्येकाला त्याच्या वाट्याने गुणायचं आणि मग बेरीज करायची. याला पुस्तकात भारित सरासरी म्हणतात. नाव जड आहे, काम रोजचं आहे.

तोच हिशेब क्लोरीनचा

आता मसाल्याच्या जागी क्लोरीन ठेवा. जिन्नस दोन, क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७. भावाच्या जागी प्रत्येकाचं वस्तुमान. किलोच्या जागी प्रत्येकाचं निसर्गातलं प्रमाण, पुस्तकात याला विपुलता म्हणतात.

निसर्गातले क्लोरीनचे शंभर अणू घेतले तर त्यांत साधारण ७६ अणू हलके आणि २४ जड सापडतात. नेमकं प्रमाण ७५.७६ टक्के आणि २४.२४ टक्के. हे टक्के अणूंच्या संख्येचे आहेत, ग्रॅमचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

वस्तुमान मोजायला ग्रॅम उपयोगाचे नाहीत, अणू फारच लहान. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळं माप ठरवलं. कार्बन-१२ या अणूचं वस्तुमान नेमकं १२ एकक मानायचं आणि बाकीच्यांचं त्याच्याशी तोलायचं. या मापाने क्लोरीन-३५ चं वस्तुमान भरतं ३४.९६९ आणि क्लोरीन-३७ चं ३६.९६६. पस्तीस आणि सदतीसपेक्षा हे किंचित कमी का? कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रात घट्ट बांधले जाताना थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. शाळेच्या गणितात सरळ ३५ आणि ३७ दिले असतील तर तेच घ्यायचे.

आता पेन्सिल उचला. टक्क्यांना शंभराने भागून दशांश करायचे, म्हणजे ७५.७६ टक्क्यांचे झाले ०.७५७६ आणि २४.२४ टक्क्यांचे ०.२४२४.

क्लोरीन-३५: ३४.९६९ × ०.७५७६ = २६.४९३
क्लोरीन-३७: ३६.९६६ × ०.२४२४ = ८.९६१
बेरीज: ३५.४५४

गुणाकार पूर्ण दशांशांसकट केले आणि शेवटी बेरीज केली तर ३५.४५३ येतं. मधल्या पायरीवर आकडे तोडले की शेवटच्या घरात एकाचा फरक पडतो, म्हणून मुलांना सांगा, तोडायचं ते अगदी शेवटी. दोन दशांशांपर्यंत उत्तर ३५.४५. हाच तो चौकोनातला आकडा. शाळेत सोयीसाठी बरेचदा ३५.५ धरतात, तोही इथूनच आला.

पस्तीस आणि सदतीस यांची साधी सरासरी काढली असती तर आले असते ३६. परीक्षेत सर्रास दिसणारी चूक ती हीच, मसाल्याच्या गटासारखी.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे पाहायला गणित पुन्हा करायची गरज नाही. मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवा. पहिला, उत्तर दोन्ही वस्तुमानांच्या मधे आहे का? ३५ आणि ३७ च्या मधेच यायला हवं, ३४ किंवा ३८ आलं तर कुठेतरी घोटाळा आहे. दुसरा, ज्याचं प्रमाण जास्त त्याच्याकडे उत्तर झुकलं आहे का? क्लोरीन-३५ तीन वाटे आहे, म्हणून उत्तर पस्तिसाजवळ. हे दोन्ही जमलं की बहुतेक उत्तर बरोबर असतं.

आणि एक गंमत बघा. मिठाच्या अख्ख्या बरणीत शोधलं तरी ३५.४५ वस्तुमानाचा एकही अणू सापडणार नाही. सरासरी सगळ्यांची मिळून असते, पण तेवढ्या वजनाचा त्यांत कुणीच नसतो.

तांब्याचा हंडा आणि उलटा हिशेब

परीक्षेत कधी कधी प्रश्न उलटा येतो. सरासरी दिलेली असते आणि प्रमाण काढायचं असतं. त्यासाठी पायधुणीच्या तांबा काट्यावर चला, तांब्या-पितळेचा जुना बाजार आहे तो. तिथून आणलेला तांब्याचा हंडा समोर ठेवा. तांब्याचीही दोन समस्थानिकं आहेत, तांबे-६३ आणि तांबे-६५. एकाचं वस्तुमान ६२.९३०, दुसऱ्याचं ६४.९२८. सरासरी ६३.५४६. तर हंड्यात हलके अणू किती टक्के?

हे तराजूच्या काट्यासारखं आहे. सरासरी जड बाजूपासून जितकी दूर, तितके हलके अणू जास्त. जड वस्तुमानातून सरासरी वजा करा:

६४.९२८ − ६३.५४६ = १.३८२

आता दोन्ही वस्तुमानांतलं पूर्ण अंतर:

६४.९२८ − ६२.९३० = १.९९८

पहिल्याला दुसऱ्याने भागा. १.३८२ ÷ १.९९८ = ०.६९२, म्हणजे सुमारे ६९ टक्के अणू तांबे-६३ चे. उरलेले ३१ टक्के तांबे-६५ चे. मोजलेले आकडेही हेच आहेत, ६९.१५ आणि ३०.८५. आजीच्या काळचा हंडा असो, मोडीत देऊन वितळवून केलेली नवी कळशी असो, हे प्रमाण जवळजवळ तसंच राहतं. वितळवल्याने आणि ठोकल्याने अणूंची वाटणी बदलत नाही.

सगळीकडे प्रमाण सारखंच असतं का?

बहुतेक मूलद्रव्यांत पृथ्वीवर कुठेही गेलं तरी प्रमाण जवळपास सारखं असतं, म्हणूनच एक आकडा तक्त्यात छापता येतो. पण नेहमी नाही, आणि हे सिद्ध करण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. स्टेफानी होरोविट्झ, जन्म वॉर्सामधला, १८८७ चा. व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत ओटो होनिगश्मिड यांच्यासोबत त्या काम करत होत्या. १९१४ साली त्यांनी दोन ठिकाणचं शिसं तोललं. एक नेहमीचं, दुसरं युरेनियमच्या खनिजातून काढलेलं. युरेनियम झिजत झिजत शेवटी शिसं होतं. ते शिसं आणि नेहमीचं शिसं रासायनिक वागणुकीत एकच, पण वस्तुमान वेगळं निघालं. नेहमीच्या शिशाचं सुमारे २०७.२ आणि खनिजातल्या शिशाचं सुमारे २०६.७. फरक अर्ध्या एककाचा. नमुना पुन्हा पुन्हा शुद्ध करून, अतिशय काटेकोर तोलून त्यांनी तो पकडला. जिन्नस तेच, वाटणी वेगळी, म्हणून सरासरी वेगळी. समस्थानिकं खरोखर असतात, याचा तो भक्कम पुरावा ठरला. होरोविट्झ ज्यू होत्या. १९४२ साली नाझींच्या ट्रेब्लिंका छावणीत त्यांचा अंत झाला. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात क्वचितच येतं.

पुढे फ्रान्सिस ॲस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये वस्तुमानाप्रमाणे अणू वेगळे करणारं यंत्र बनवलं, आणि कोण किती आहे हे थेट मोजता येऊ लागलं. आज या मोजणीत इतकी बारकाई आली आहे, की २०१० साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दहा मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी पल्ला द्यायचं ठरवलं. क्लोरीन त्यांतलंच एक. त्याचं अणुवस्तुमान कुठून नमुना घेतला त्याप्रमाणे ३५.४४६ ते ३५.४५७ यांच्या मधे असतं. शाळेच्या गणिताला याने काही फरक पडत नाही.

जिथे सरासरी काढावीच लागत नाही

आता पुन्हा मिठाकडे येऊ. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं असतं. हे आयोडीन आपल्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला हवं असतं. ते कमी पडलं की गलगंड होतो, गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम पुरतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आयोडीनच्या चौकोनात आकडा आहे १२६.९०. यात मात्र सरासरी काढण्यासारखं काही नाही. निसर्गातलं आयोडीन एकाच प्रकारचं असतं, आयोडीन-१२७. त्यात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन. शंभर टक्के तेच असल्यामुळे सरासरी आणि एका अणूचं वस्तुमान एकच. मिठातल्या सोडियमचंही असंच आहे, तेही निसर्गात एकाच प्रकारचं.

या आयोडीनने आवर्तसारणी बनवणाऱ्या मेंडेलिव्हला कोड्यात टाकलं होतं. १८६९ साली तो मूलद्रव्यं वजनाच्या क्रमाने मांडत होता. गुणांप्रमाणे पाहिलं तर आधी टेल्युरियम आणि मग आयोडीन यायला हवं. पण टेल्युरियमचं अणुवस्तुमान जास्त भरत होतं. आजचे आकडे १२७.६ आणि १२६.९. मेंडेलिव्हने गुणांवर विश्वास ठेवून टेल्युरियम आधी ठेवलं आणि त्याचं वजन मोजण्यात चूक झाली असावी असं मानलं. वजन बरोबरच होतं. टेल्युरियममध्ये प्रोटॉन ५२, म्हणजे आयोडीनपेक्षा एक कमी, पण त्याच्या आठ समस्थानिकांत जडांचा वाटा मोठा. टेल्युरियम-१२८ आणि टेल्युरियम-१३० हे दोघे मिळूनच सुमारे ६६ टक्के. मिरची सात वाटे असली की मसाल्याचा भाव चढतो, तसं टेल्युरियमचं अणुवस्तुमान चढलं.

परळमधलं दुसरं आयोडीन

हे टेल्युरियम आपल्या गोष्टीत पुन्हा येतं. अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातून आयोडीन-१३१ तयार होतं. प्रोटॉन तेच ५३, पण न्यूट्रॉन ७८, चार जास्त. हे केंद्र स्थिर राहत नाही, किरण सोडत बदलत जातं. म्हणून याला किरणोत्सारी म्हणतात. ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि आपल्या देशात अशी समस्थानिकं बनवण्याचा रस्ता खुला झाला. १९६३ मध्ये परळला, टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या जोडीने, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. जेरबाई वाडिया रोडवरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकींनी ती पाटी पाहिली असेल. थायरॉईड फार जोरात काम करत असेल, किंवा थायरॉईडचा काही प्रकारचा कॅन्सर असेल, तर आयोडीन-१३१ देऊन उपचार करतात. थायरॉईडचे आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त, म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

हे औषध काम कसं करतं? थायरॉईडला न्यूट्रॉन मोजता येत नाहीत. तिला आयोडीन दिसतं, १२७ की १३१ हे कळत नाही. ती दोन्ही सारख्याच आवडीने शोषून घेते. आत गेल्यावर आयोडीन-१३१ चे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच्या आत आपलं काम करतात आणि बिघडलेल्या पेशी नष्ट करतात. बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागते.

आता ‘किती?’ हा प्रश्न लावून बघू. कॅन्सरसाठी १०० मिलिक्युरीची मात्रा दिली, तर तिच्यातल्या आयोडीन-१३१ चं वजन एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. आपण रोज जेवणातून जे साधं आयोडीन घेतो, त्याच्या शंभराव्या भागाहूनही ते कमी. म्हणजे साध्या आयोडीनची गर्दी असली की या मूठभर अणूंना ग्रंथीत जागाच मिळणार नाही.

उपचाराआधी एक-दोन आठवडे डॉक्टर कमी आयोडीनचं जेवण सांगतात ते यासाठी. आयोडीनयुक्त मीठ बंद, समुद्राची मासळी बंद, दूध आणि अंड्याचा बलक कमी किंवा बंद. आपल्या गिरगाव-लालबागच्या घरांत बोंबील, कोलंबी, सुकट नाही म्हणजे जेवणच नाही. मग कुणी म्हणतं, ‘एक तुकडा खाल्ला तर काय होतंय?’ एका तुकड्यात विषबाधा नाही, पण त्यातलं आयोडीन-१२७ ग्रंथीच्या दारात पुढे उभं राहतं आणि मोठ्या मुश्किलीने मिळालेली मात्रा वाया जाऊ शकते. पथ्य चवीचं नाही, प्रमाणाचं आहे. घरातल्यांना हे समजलं तर त्या बाईला पथ्य पाळणं सोपं जातं. मात्र हे पथ्य फक्त उपचाराआधी, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. थायरॉईड आहे म्हणून आपणहून आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. गोळ्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या, तेही डॉक्टरांनाच विचारा.

आता यात सरासरी काय सांगते ते बघा. समजा, ग्रंथीतल्या दर दहा हजार अणूंमागे एक अणू आयोडीन-१३१ चा आहे. सरासरी वस्तुमान काढलं तर १२६.९०४५ चं होईल १२६.९०४९. चौथ्या दशांशात चाराचा फरक. सरासरीवरून कुणाला संशयसुद्धा येणार नाही, आणि बिघडलेल्या पेशींचा मात्र त्या एकाने निकाल लावलेला असतो. म्हणून डॉक्टर आणि तंत्रज्ञ सरासरीकडे पाहत नाहीत. कोणतं समस्थानिक आणि किती मिलिक्युरी, हेच आधी पाहतात.

भीतीचंही बोलू. उपचार घेऊन आलेल्या बाईला काही घरांत महिनोन् महिने वेगळं ताट देतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस अंतर ठेवणं खरंच गरजेचं आहे. मोठी मात्रा असेल तर हॉस्पिटलमध्येच वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावरही लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं, हे लिहून देतात, ते काटेकोर पाळायचं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हा उपचार करत नाहीत, म्हणून शंका असेल तर आधीच सांगायचं. नंतर किती महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, तेही विचारून घ्यायचं.

पण हे आयुष्यभराचं नाही. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. आठ आठवड्यांत ते सात वेळा निम्मं होतं, म्हणजे १२८ भागांतला एक भाग उरतो, एक टक्क्याहून कमी. त्यातलं बरंचसं तर सुरुवातीच्या दिवसांत लघवीवाटेच निघून जातं. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली, की त्या बाईला पंगतीत बसवा, नातवंड मांडीवर द्या.

घरी करून बघा

शेवटी एक गणित देते. चाळीतल्या कॅरमवर टाकतो ती पांढरी बोरिक पावडर, झुरळांसाठी पिठात कालवतो तीच. तिच्यात बोरॉन हे मूलद्रव्य असतं. त्याची समस्थानिकं दोन. बोरॉन-१०, वस्तुमान १०.०१३, प्रमाण १९.९ टक्के. बोरॉन-११, वस्तुमान ११.००९, प्रमाण ८०.१ टक्के. सरासरी अणुवस्तुमान किती?

आधी अंदाज बांधा. उत्तर दहा आणि अकराच्या मधे, आणि अकराच्या जवळ. मग गुणाकार करा. १०.०१३ × ०.१९९ = १.९९३ आणि ११.००९ × ०.८०१ = ८.८१८. बेरीज १०.८११, दोन दशांशांपर्यंत १०.८१.

इथेही सरासरीवर थांबायचं नाही. अणुभट्टीतले न्यूट्रॉन टिपून घेण्याचं काम यांतलं बोरॉन-१० करतं, जे पाचांत एक आहे. बोरॉन-११ त्या कामात जवळजवळ निरुपयोगी. भट्टी सांभाळणाऱ्यांना म्हणून विचारावं लागतं, या बोरॉनमध्ये दहाचं किती?

मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसली की हे गणित त्यांना घाला. आकडेमोड त्यांना करू द्या. तुम्ही फक्त विचारा, कोण आहे आणि किती आहे.